संभाजीनगर ते म्हैसमाळ-वेरूळ सायकलवर : पायऱ्यांचा डोंगर कसा चढायचा

पावसाळा लागला की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, दादा सायकलवर म्हैसमाळ, म्हणजे खुलताबादच्या पुढचं ते डोंगरावरचं पठार, होईल का. होतं. नक्की होतं, पन्नाशीच्या पुढचे लोक करतात, शाळेतली पोरं करतात. पण पहिल्या वेळेस बरेच जण दौलताबादच्या पुढच्या घाटातच थांबतात आणि तिथूनच परत फिरतात, आणि माझं मत असं की त्यांच्या पायात दम नसतो असं नाही, त्यांना डोंगर कसा आहे ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी आधी डोंगराचंच सांगणार आहे, गिअर-टायर-पाणी नंतर.

तर हा आपला सगळा भाग ज्वालामुखीचा. शंकूसारखा डोंगर आणि वरून आग, असा नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, मग त्याच्यावर दुसरा थर, मग तिसरा, असं पुन्हा पुन्हा होत गेलं. तोच आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. आता प्रत्येक थरात खालचा भाग घट्ट असतो आणि वरचा भाग फोडफोड्या, भोकं भोकं असलेला, ऊन-पावसानं लवकर झिजणारा. घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो, मऊ भाग झिजून सपाट होतो. म्हणून लांबून बघितलं की आपले डोंगर जिन्यासारखे दिसतात. याला दख्खन ट्रॅप म्हणतात, आणि हा ट्रॅप शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरूनच आलाय.

सायकलवाल्याला याचा उपयोग काय, तर इथला चढ लांबच लांब एकसारखा नसतो. पायरी येते, मग ओटा येतो, परत पायरी येते, परत ओटा. संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटरवर, खुलताबाद साधारण ८५० वर, म्हैसमाळ १०६७ च्या आसपास. म्हणजे हिशोब सरळ आहे, तीन ओटे आणि दोन मोठ्या पायऱ्या. पायरीवर जपून चढायचं आणि ओट्यावर दम घ्यायचा. उलटं केलं, म्हणजे ओट्यावर जोरात हाणलं आणि पायरीला लागताना छाती आधीच भरलेली असली, की माणूस उतरला खाली आणि सायकल हातात धरून चालायला लागला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच केलं होतं. शहरातून दौलताबादपर्यंत मस्त वारा, रस्ता जवळपास सपाट, ग्रुपमध्ये सगळे पळत होते म्हणून मीही पळालो, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणाला दोन्ही पोटऱ्यांत गोळे. रस्त्याच्या कडेला बसलो. एक पेरू विकणाऱ्या मावशी होत्या, त्यांनी न विचारता मीठ लावून पेरू हातात दिला आणि म्हणाल्या, "लेकरा, सक्काळपून काही खाल्लं का नाही?" खाल्लं नव्हतं. चहा आणि दोन बिस्किटं, बस. त्या दिवशीपासून मी या रस्त्याला निघायच्या आधी पोटभर नाश्ता करतो, आणि तुम्हीही करा.

आता गिअर. हे समजून घ्या कारण दुकानात बरेचदा सायकलचा रंग आणि वजन सांगतात आणि हे सांगत नाहीत. पुढं किती दात आणि मागं किती दात त्यावर सगळं आहे. समजा पुढं ३४ दातांची चकती आणि मागं ३२ ची मोठी, तर मिनिटाला ७० वेळा पेडल फिरवलं की सायकल ताशी साधारण ९ च्या वेगानं जाते. ९ चा वेग चढावर झेपतो. पण पुढं ३९ आणि मागं २५ असं जुन्या पद्धतीचं सेटिंग असलं तर त्याच ७० फेऱ्यांना वेग येतो जवळपास १४, आणि म्हैसमाळच्या शेवटच्या टप्प्यात १४ नं चढणारे मोजकेच असतात. मग होतं काय, पेडल मिनिटाला ४५-५० वर येतं, सगळा भार गुडघ्यावर. गुडघे दुखायची तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचं खरं दुखणं हेच असतं, गिअर जड. त्यामुळं रोडबाईक घेताना किंवा मागचा कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलताना मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची असलेला घ्या, आपल्या मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन सरकवणाऱ्या भागाला, तो चालतो का ते मेकॅनिकला विचारून. हायब्रीड आणि एमटीबी म्हणजे माउंटन बाईकवाल्यांना ही काळजी नाही, त्यांच्याकडं हलके गिअर असतातच, फक्त सपाटीवर ते थोडे मागं पडतील, पडू द्या.

आणि गिअर चढाला लागायच्या आधी बदला, चढात अर्ध्यावर गेल्यावर नाही. जोर लावलेला असताना बदललं की चेन कडकड करते, कधी निसटते, आणि उभ्या चढावर चेन निसटली की क्लिटमधून, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या खटक्यातून, पाय काढायच्या आत माणूस आडवा. समोर वळण दिसलं की एक गिअर हलका करायचा, पाय क्षणभर सैल सोडायचा, क्लिक, मग परत जोर.

टायर २८ एमएम किंवा त्याहून जाड वापरा. २३ चे बारीक टायर चांगल्या हायवेवर ठीक, पण आपल्या आतल्या रस्त्यांवर डांबर उखडून खडी वर आलेली असते आणि ती खडी याच काळ्या पाषाणाची, धारदार. हवासुद्धा ठासून भरू नका. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७०-७५ पीएसआय भरपूर होते, मागच्या टायरात थोडी जास्त, पुढच्यात थोडी कमी.

पण मराठवाड्यात खरा शत्रू खडी नाही, काटा आहे. सराटे आणि बाभळीचे काटे. पावसाळ्यात सराट्याचा वेल रस्त्याच्या कडेला पसरतो आणि नंतर वाळून त्याचे काटे डांबराच्या काठापर्यंत येऊन पडतात. म्हणून एक नियम पाळा, फोटो काढायला थांबलात तरी सायकल साईडपट्टीच्या मातीत उतरवायची नाही. थांबायचं असेल तर डांबरावर अगदी कडेला, किंवा उचलून न्या. झाडाखाली सावली बघून टेकवली आणि ते झाड बाभळीचं निघालं, की दोन्ही टायर गेले. दोन ट्यूब जवळ ठेवा, एक नाही. पॅच किट, टायर लिव्हर, छोटा पंप आणि एक बारीक चिमटा. चिमटा कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. सराट्याचं टोक टायरच्या आत तुटून राहतं, वरून दिसतसुद्धा नाही, आणि नवीन ट्यूब घातली की किलोमीटरभरात परत हवा कमी. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट अलगद फिरवा, टोचलं तिथं चिमट्यानं ओढून काढा.

कधी जायचं? ऑगस्ट-सप्टेंबर हे सगळ्यात सुंदर, डोंगर हिरवागार, वेरूळच्या २९ नंबरच्या लेणीशेजारी धबधबा पडतो, म्हैसमाळवर ढग खाली उतरलेले. पण या दिवसांत वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे जाताना समोरून लागतो आणि येताना पाठीवर. हे मला आवडतं, ताजे असताना वाऱ्याशी झगडायचं आणि थकल्यावर वारा घरी आणून सोडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सीताफळं, हवा स्वच्छ, मात्र याच दिवसांत रस्त्यावर मका वाळत घातलेला असतो, कन्नडकडं तर लई. शेतकऱ्याला दुसरी पक्की जागा नसते, त्याच्यावर चिडू नका, पण सुट्या दाण्यांवरून ब्रेक मारत वळायचं नाही, सायकल गोट्यांवर गेल्यासारखी सरकते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी, हातमोजे लागतात. फेब्रुवारी संपता संपता पळस फुलतो आणि पानगळीचं रान लालभडक दिसतं, तो पंधरवडा मी सहसा सोडत नाही. एप्रिल-मे मध्ये काळा पाषाण तव्यासारखा तापतो, पारा चाळिशीच्या वर, तेव्हा जायचंच असेल तर पाचला निघून साडेनऊला घरात, म्हैसमाळ नाही, फक्त दौलताबादपर्यंत.

काही दिवस टाळा. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला लाखो लोक पायी जातात, श्रावणातल्या शनिवारीही गर्दी. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वरामुळं वेरूळ भरलेलं असतं. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारनंतर म्हैसमाळचा रस्ता गाड्यांनी जाम होतो. शनिवार पहाट किंवा मधल्या वारी सुट्टी काढून गेलात तर रस्ता तुमचा. आणि वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात, हे विसरून गेलेले किती तरी बघितलेत.

आता प्रत्यक्ष रस्ता. पहाटे साडेपाचला शहर सोडायचं. छावणीतून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर असं करत दौलताबाद, हे साधारण १५ किलोमीटर. मागचा लाल लाईट चालूच ठेवा, उजाडल्यावरही, कारण या पट्ट्यात ट्रक आणि काळीपिवळी दोन्ही असतात. हे १५ किलोमीटर मुद्दाम हळू जायचे. शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत इतके हळू. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

मिटमिटा मागं टाकला की देवगिरी दिसायला लागतो आणि इथं मी दर वेळेस थोडा थांबतोच. सपाट रानात एकटा उभा डोंगर, त्याच्या कडा माणसांनी तासून उभ्या भिंतीसारख्या केलेल्या आणि खाली पाषाणातच खंदक. आधी सांगितलं ना, घट्ट थर कड्यासारखा राहतो, यादवांच्या लोकांनी तेच ओळखलं आणि निसर्गानं अर्धं केलेलं काम छिन्नीनं पूर्ण केलं. पाचव्या भिल्लमानं ११८७ च्या सुमारास इथं राजधानी केली. १३२७ ला मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इकडं हलवायचं ठरवलं आणि नाव दौलताबाद ठेवलं. किल्ल्याच्या पोटात जनार्दनस्वामी होते, आणि पैठणचे एकनाथ महाराज त्यांच्याकडं शिकायला इथवर आले, ते पायी, आपण निदान चाकावर आहोत.

किल्ला बघायचा असेल तर तो वेगळ्या दिवशी ठेवा. शेकडो पायऱ्या आहेत, अंधारी म्हणजे काळोखी भुयारी वाट आहे, दोन-तीन तास जातात आणि नंतर घाट चढायला मांड्या उरत नाहीत. शिवाय क्लिटच्या बुटांनी त्या गुळगुळीत पायऱ्यांवर पाय सटकतो, बॅगेत साधी चप्पल हवी. एक रविवार फक्त दौलताबादचा करा, जाऊन-येऊन ३० किलोमीटर, नवीन माणसाला सुरुवात म्हणून हीच राईड उत्तम. चांदमिनार खालूनच दिसतो, बहामनींच्या काळातला, पंधराव्या शतकातला.

किल्ल्याच्या पुढं रस्ता जुन्या तटबंदीतल्या दरवाजातून जातो. ही बाहेरची तटबंदी म्हणजे अंबरकोट. दरवाजा अरुंद, एका वेळी एकच मोठी गाडी जाते. इथं घाई करायची नाही, समोरून बस येत असेल तर अलीकडं थांबा, पाय टेका, जाऊ द्या. बसवाला दरवाजाच्या कमानीत तुम्हाला बाजू देऊ शकत नाही, त्याच्याकडं जागाच नसते. दरवाजा ओलांडल्यावर उजव्या-डाव्या हाताला पेरू-सीताफळवाले बसतात, पाण्याच्या बाटल्या इथं भरून घ्या कारण पुढं चढ आहे.

आणि हीच पहिली पायरी. खुलताबादपर्यंत दहा-अकरा किलोमीटर, त्यातला खरा घाट कमी अंतराचा आहे पण मुरलेला आहे. काय करायचं ते नीट सांगतो. चढ सुरू व्हायच्या आधी सगळ्यात हलक्या गिअरच्या एक अलीकडं या, सगळ्यात हलका राखून ठेवा, तो आहे एवढ्या भरवशावरच माणूस चढतो. हात हँडलच्या वरच्या सपाट भागावर ठेवा, खाली वाकू नका, छाती मोकळी राहू द्या. श्वास तोंडानं घेतला तरी चालतो पण सोडताना पूर्ण सोडा. वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता जास्त उभा असतो, बाहेरच्या बाजूला थोडा सौम्य, पण समोरून येणारी गाडी दिसत नसेल तर डावी बाजू सोडायची नाही, उभा चढ परवडला. सारखं वर बघू नका, दहा-पंधरा फुटांवर नजर. मध्ये मध्ये वीस-तीस पेडल उभं राहून मारा म्हणजे कंबर सैल होते, उभं राहताना एक गिअर जड करा नाहीतर पाय रिकामा फिरतो. उभं राहून पूर्ण घाट चढायचा प्रयत्न करू नका.

थांबावंसं वाटलं तर थांबा. खाली उतरण्यात कमीपणा नाही, फक्त वळणावर थांबू नका, सरळ पट्ट्यात थांबा जिथं मागच्या ट्रकला तुम्ही लांबून दिसाल. परत निघताना उभ्या चढावर सायकल चालू होत नसेल तर रस्त्याला थोडी तिरकी धरून पहिलं पेडल मारा, अर्थात मागं-पुढं कुणी नसताना.

पाण्याचं गणित आपल्याकडं वेगळं आहे. कोरडी हवा, घाम अंगावर दिसतच नाही, वाळून जातो, शर्टावर पांढरे मिठाचे डाग तेवढे दिसतात. तहान लागायची वाट बघू नका, पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. दोन बाटल्या ठेवा, एकात साधं पाणी, दुसऱ्यात ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. खायला महागडं जेल लागत नाही. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळी, दर पाऊण तासानं थोडं थोडं. गुळाचा खडा फडक्यात गुंडाळून ठेवला की उन्हात विरघळून खिशाला चिकटत नाही, चॉकलेटचं मात्र पार पाणी होतं.

वर आलात की खुलताबाद, दुसरा ओटा. अचानक हवा बदलते, दोन-तीन अंश गार. गाव जुनं आहे, वेशी, दर्गे, कबरी, चिंचेची झाडं. ज्या मलिक अंबरानं १६१० साली खडकी वसवली, जी पुढं आपलं शहर झाली, तो १६२६ ला गेला आणि त्याची कबर इथंच आहे. औरंगजेबाचीही इथंच, तो १७०७ ला नगरला वारला आणि इथं आणून पुरला, कबर अगदी साधी, आभाळाखाली उघडी. सूफी संत जरजरी जर बक्ष यांचा दर्गा आहे, आणि गावातच निद्रिस्त मारुती, भद्रा मारुती. एवढ्याशा गावात एवढं सगळं. गावात सायकल हळू चालवा, लेकरं गल्लीतून एकदम पळत येतात. इथं बसून भजी-पोहे-चहा, पण पोट तुडुंब भरू नका, अजून एक पायरी आहे.

ज्यांना म्हैसमाळ नको त्यांनी इथून शुलीभंजनला जावं. टेकडीवर दत्ताचं देऊळ, एकनाथ महाराजांनी तिथं तप केलं असं मानतात. छोटा चढ, शांत जागा, गाड्या कमी.

म्हैसमाळ खुलताबादपासून साधारण १२ किलोमीटर. रस्ता एकदम चढत नाही, वर-खाली करत जातो, आणि हेच फसवं आहे. मध्ये उतार आला की माणूस खूश होतो, पण तेवढा उतार परत येताना चढायचा असतो, हे डोक्यात ठेवून पाय राखा. शेवटचा टप्पा उभा. तिथं राखून ठेवलेला सगळ्यात हलका गिअर काढा आणि ताशी ७-८ नं जा, कुणी ओलांडून गेलं तर जाऊ द्या. वर पोचलात की गिरिजा देवीचं देऊळ, पठार, आणि कड्यावरून खालचं खोरं दिसतं. त्या कड्यावर उभं राहिलं की समोरच्या डोंगरात थर मोजता येतात, एक, दोन, तीन, चार, सगळे आडवे, एकाच उंचीला लांबवर गेलेले. मला अजूनही ते बघून अंगावर काटा येतो. जे आपण दोन तास पायांनी मोजत आलो तेच समोर लिहून ठेवल्यासारखं. कड्याच्या काठावर मात्र जाऊ नका, पावसाळ्यात काठाचा मुरूम ढिला असतो आणि दव-शेवाळानं दगड निसरडा. मक्याचं भाजलेलं कणीस खा, अर्धा तास बसा, घामाचा टी-शर्ट बदला किंवा पातळ जॅकेट घाला, कारण आता उतार आहे आणि ओल्या अंगाला वारा लागला की छाती धरते.

उताराबद्दल थोडं जास्त सांगतो, लोक चढाची भीती बाळगतात आणि पडतात उतारावर. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. रिम ब्रेक असतील तर रिम तापते, रबर पकडत नाही आणि हात दुखून येतात. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करायचा आणि वळणात शिरल्यावर ब्रेक सोडायचा. वजन थोडं मागं. बाहेरचा पाय खाली दाबून ठेवा, आतलं पेडल वर, नाहीतर ते रस्त्याला घासतं. नजर खड्ड्यावर नाही, जिथून बाहेर पडायचंय तिथं. खड्ड्याकडं बघत राहिलात की सायकल खड्ड्यातच जाते.

आणि काळी माती. हाच काळा पाषाण कोट्यवधी वर्षं झिजून ही माती झालीय, कापसाला सोनं पण सायकलला साबण. पाऊस पडल्यावर ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो, टायरचा चिखल रस्त्यावर पट्ट्यात पडतो, त्यावर परत भुरभूर पाऊस, की तो पट्टा तेलकट होतो. मी एकदा अशाच पट्ट्यावर, जेमतेम १५ चा वेग, नुसतं हँडल हलवलं आणि कोपर सोलून निघालं. शेताची वाट जिथं डांबराला मिळते तिथं रस्त्याचा रंग बघत चला. काळा चकचकीत पट्टा दिसला तर ब्रेकला हात लावू नका, पेडल थांबवा, सरळ रेषेत पार करा. पहिल्या पावसातले पहिले दोन दिवस तर डांबरावरचं तेल वर येतं, तेव्हा घाटात न गेलेलं बरं.

परत खुलताबाद आणि तिथून वेरूळ, चार-पाच किलोमीटर, पूर्ण उतार. वळणं आहेत आणि समोरून टुरिस्ट बसा येतात त्यामुळं डावीकडं राहा. लेण्या या पायरीच्या कड्यातच कोरलेल्या आहेत, साधारण दोन किलोमीटर लांब कडा, पश्चिमेकडं तोंड करून, ३४ लेण्या. १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत. १६ नंबरचं कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, वरून खाली कोरत आणलेलं, एकाच पाषाणात. एरवी गाडीतून आलेला माणूस ते बघतो, पण तुम्ही सकाळपासून या दगडावर चढून-उतरून आलेले असता, त्याचा कठीणपणा मांड्यांत असतो, तेव्हा कैलासापुढं उभं राहिलं की वेगळंच वाटतं. कड्याचं तोंड पश्चिमेला असल्यामुळं दुपारनंतर ऊन आत शिरतं.

सायकल आत नेता येत नाही. गेटवरच्या गार्डदादांना विनंती करा, बहुतेक वेळा नजरेसमोर ठेवू देतात, तरी कुलूप लावाच, आणि मीटर, लाईट, पंप काढून खिशात. माकडांपासून सावध, हँडलला खाण्याची पिशवी लटकवलेली दिसली की संपलं. माझ्या एका मित्राचं हेल्मेट नेलं होतं, आत केळ्याचा वास राहिला होता म्हणून. पुढं गावात घृष्णेश्वर, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधून घेतलेलं. वेरूळ हे भोसल्यांचं मूळ गाव, मालोजीराजांचं, म्हणून तिथं दोन मिनिटं तरी थांबावं.

आता घरी. वेरूळहून परत यायचं म्हणजे तीच पायरी परत चढायची, खुलताबादपर्यंत, भर दुपारी आणि थकलेल्या पायांनी, म्हणून दिवसातला खरा कठीण चढ हाच असतो, म्हैसमाळ नाही. यासाठी शेवटची बाटली, शेवटचा गूळ आणि थोडी मनाची तयारी राखून ठेवा. ज्यांना जमणार नाही त्यांनी वेरूळहून सायकल टेम्पोत किंवा ओळखीच्या गाडीत टाकावी. एकूण ८० ते ८५ किलोमीटर होतात, शहराच्या कुठल्या टोकाला राहता त्यावर. पहिल्यांदा जाताना एकदम सगळं करू नका. पहिल्या आठवड्यात दौलताबाद, दुसऱ्यात खुलताबाद, मग वेरूळ, मग म्हैसमाळ. मधल्या वारी सरावाला हनुमान टेकडी, गोगाबाबा टेकडीचा परिसर, नाहीतर जळगाव रोडनं चौक्याचा घाट. सपाटीवर दम वाढवायला पैठणचा रस्ता, पन्नासेक किलोमीटर, नाथसागरावर सूर्य उगवताना पोचता येतं.

ज्यांचे पाय या फेरीत चांगले बसलेत त्यांच्यासाठी पुढचं, दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी वेरूळ करून कन्नड, वेरूळपासून तीसेक किलोमीटर, मुक्काम कन्नडला. दुसऱ्या दिवशी पहाटे गौताळा. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ ला जाहीर झालं, साधारण २६० चौरस किलोमीटर, बहुतेक भाग आपल्याकडं आणि थोडा जळगाव जिल्ह्यात. हेच आपलं खरं जंगल. साग, सालई, धावडा, पळस, अंजन. बिबट्या आहे, अस्वल आहे, रानडुकरं आहेत. गेटवर नोंद करा, सायकलला कुठपर्यंत परवानगी आहे ते वनरक्षकांना विचारा आणि ते सांगतील तेवढंच जा. एकट्यानं नाही, कमीत कमी तिघं, आणि उजाडल्यावर आत, ऊन कलायच्या आत बाहेर. स्पीकर लावायचा नाही. मोबाईलला रेंज भरवशाची नसते, घरी आधीच सांगून ठेवा किती वाजता बाहेर येणार. जंगलात प्राणी रस्त्यावर दिसला तर सायकल थांबवा, त्याच्या वाटेतून बाजूला राहा, पेडल मारत पळू नका. पितळखोऱ्याच्या लेण्याही याच डोंगरात, इसवी सनाच्या आधीच्या, पण तिथं पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं त्यामुळं त्याला वेगळा अर्धा दिवस द्या.

कन्नडच्या पुढं औट्रम घाट खाली खानदेशात, चाळीसगावकडं उतरतो. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव, ज्यानं १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. घाट देखणा आहे, पण वाहतूक आणि उभे उतार बघता मी तिथं सायकल घालत नाही आणि नवीन माणसाला तर अजिबात सांगणार नाही. वरून बघा, फोटो काढा, मागं फिरा. ऊसतोडीच्या दिवसांत कन्नडच्या रस्त्यावर संध्याकाळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागं लाईट नसतो, त्यामुळं त्या दिवसांत अंधारात त्या रस्त्यावर असायचंच नाही.

घरी आलात की कितीही थकलेले असा, सायकल भिंतीला टेकवून झोपू नका. काळी माती चेनमध्ये रात्रभर वाळली की सिमेंटसारखी होते आणि बारीक बारीक खडी चेन खाऊन टाकते. बादलीभर पाणी, जुना टूथब्रश, थोडं डिश सोप, चेन उलटी फिरवत घासा, फडक्यानं कोरडी करा, मग एकेका कडीवर एकेक थेंब तेल आणि वरचं तेल पुसून घ्या. ब्रेकच्या रबरात खडीचा कण रुतलाय का तेही बघा, असेल तर पिनेनं काढा, नाहीतर पुढच्या उतारावर रिमवर ओरखडे पडतात. टायर हातानं फिरवत एकदा पूर्ण तपासा, काटा दिसला तर तो आत्ताच काढा, चिमटा अजून बॅगेतच असेल.